पदवीच्या तीन वाटा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी मला निमंत्रण द्यावयास कार्यकारिणीची मंडळी घरी आली, तेव्हा विषय त्यांनी ठरवूनच आणला होता. ‘बारावीनंतर मुलांनी काय शिकावे, यावर बोला,’ असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, या विषयावर बोलणारे हल्ली प्रत्येक चौकात आहेत; त्यांच्यापाशी रंगीत माहितीपत्रके असतात. माझ्यापाशी काय आहे? अभियांत्रिकीच्या वर्गात फळ्यासमोर गेलेली चाळीस वर्षे, एवढेच. पण चहा होईपर्यंत खरे कारण बाहेर आले. मंडळातील तीन घरांत यंदा तीन मुलांवरून वाद चालला आहे. एका मुलीला इतिहास घेऊन बी. ए. करावयाचे आहे आणि घरी कोणी तिच्याशी नीट बोलत नाही. एका मुलाला बाहेरगावी जाऊन आंतरराष्ट्रीय व्यापाराची पदवी घ्यावयाची आहे, आणि त्याचे शुल्क ऐकून आजोबांनी चष्मा काढून ठेवला. तिसऱ्याला अभियांत्रिकीची ‘औद्योगिक व उत्पादन’ ही शाखा मिळण्यासारखी आहे. वडील म्हणतात, ही कसली शाखा, एक वर्ष थांब आणि कॉम्प्युटर घे.

तिन्ही मुले आज सभागृहात आहेत. ती कोणती, हे मी सांगणार नाही. आपणही मागे वळून पाहू नये.

या तिन्ही वादांच्या तळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो कोणी उघड विचारीत नाही. हे शिकून मूल जबलपुरात राहील का? आपल्या मंडळाचे निम्मे सभासद आज संध्याकाळी आपल्या मुलांशी टेलिफोनवर बोलतील. त्यांतली काही मुले पुण्यात आहेत, काही बंगळुरात, काही सातासमुद्रापलीकडे. तेव्हा हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मी त्याला उत्तर देईन असे मात्र समजू नका. कोणत्याही अभ्यासक्रमात तसे आश्वासन छापलेले नसते.

मला दुसरेच सांगावयाचे आहे. हे तीन विषय आपण तीन दूरच्या मुलखांसारखे समजतो. वस्तुतः ते तिन्ही आपल्या याच गावाच्या जमिनीत रुजलेले आहेत. आणि त्यांपैकी ज्याला आपण सर्वांत निरुपयोगी मानतो, त्याच्याशी आपण, म्हणजे येथील मराठी माणसांनी, सर्वांत वाईट वागणूक केली आहे. त्यात मीही आहे. ते शेवटी सांगेन.

आरंभ एका प्रसंगापासून करतो. १८७० सालच्या मार्च महिन्यात मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ आणि अलाहाबादकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा रूळ जबलपुरात एकमेकांस मिळाले, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे प्रथमच लोहमार्गाने जोडली गेली. त्याच्या चार महिने आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला होता. १८७० च्या उन्हाळ्यातच समुद्राच्या तळाशी टाकलेली तार मुंबईहून एडन-सुएझमार्गे इंग्लंडला पोचली. म्हणजे वर्षभराच्या आत माल, माणूस आणि निरोप या तिघांचाही जगातला रस्ता बदलला, आणि त्या रस्त्यावरचे एक ठाणे आपले जबलपूर होते. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची ज्यूल व्हर्नची कादंबरी या घटनेनंतर दोन-तीन वर्षांतच आली, यात नवल नाही.

आता हा एकच प्रसंग तीन विद्यार्थ्यांपुढे ठेवा.

औद्योगिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी विचारील : दोन कंपन्यांच्या गाड्या एका स्थानकात आल्यावर वेळापत्रक कोणत्या घड्याळाने लावले? हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. त्यापूर्वी मुंबईचे घड्याळ मद्रासच्या अर्धा तास मागे आणि कलकत्त्याचे अर्ध्या तासाहून थोडे पुढे चालत असे. रेल्वेने मद्रासची वेळ धरली होती. दोन्ही रुळांची रुंदी एकच, साडेपाच फूट, होती, म्हणून माल उतरवून पुन्हा चढवावा लागला नाही. ही रुंदी निराळी असती, तर जबलपुरात हमालांची एक वसाहतच उभी राहिली असती.

व्यापाराचा विद्यार्थी विचारील : मालाचे भाडे कोणत्या कंपनीने किती घ्यावयाचे? वाटेत गाठोडे हरवले तर नुकसान कोणाचे? तारेने भाव आधी कळू लागल्यावर दलालाचे काय झाले?

आणि इतिहासाचा विद्यार्थी आधी कोणताच निष्कर्ष काढणार नाही. तो विचारील : हे तुम्हांला कोणी सांगितले? कागद दाखवा.

प्रथम औद्योगिक अभियांत्रिकीविषयी बोलतो, कारण ते माझे घर आहे. ही शाखा यंत्रे बनविण्याची नव्हे. यंत्र अभियांत्रिकीचा मनुष्य लेथ कशी बनवावी हे शिकतो. औद्योगिक अभियांत्रिकीचा मनुष्य ती लेथ कोठे ठेवावी, तिच्यापुढे उभ्या कामगाराचा हात कितीदा वळतो, कच्चा माल किती आणि केव्हा मागवावा, दहा हजार नगांतले किती तपासले म्हणजे सर्वांची हमी देता येते, हे शिकतो. चार वर्षांत त्याला यंत्रशास्त्राचा पाया असतोच. त्यावर कार्यमापन, कारखान्याची मांडणी, साठ्याचे नियंत्रण, संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण, संक्रियात्मक संशोधन आणि मानवी शरीराला मानवेल अशा कामाचे शास्त्र हे विषय येतात. गणित पुष्कळ आहे. पण ते माणसांविषयीचे गणित आहे.

आपल्या गणेशोत्सवातील महाप्रसादाचेच उदाहरण घ्या. चारशे माणसे आहेत, वाढणारी पंगत एकच, आणि एका ताटाला वीस सेकंद लागतात. चारशे गुणिले वीस म्हणजे आठ हजार सेकंद, दोन तास तेरा मिनिटे. तेच दोन रांगा केल्या तर एक तास सात मिनिटांत शेवटचा मनुष्य वाढून घेतो. आता आपण करतो काय? ताटे आणि पाणी एकाच टेबलावर ठेवतो. मग ताट घेतलेला मनुष्य पाण्यासाठी उलटा फिरतो आणि रांग अडते. पाण्याचे पिंप पलीकडच्या टोकाला हलवा, एवढे मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो. माझे शास्त्र मंडळाने अद्याप मानलेले नाही. (हशा.)

या शास्त्राचा जन्म अमेरिकेतला. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंड्याच्या कामाचा अभ्यास करून एक वीट लावण्यास लागणाऱ्या अठरा हालचाली पाचांवर आणल्या. विटा गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर ठेवणारा पहाड बांधला, म्हणजे दर विटेला वाकावयास नको. पण विद्यार्थ्यांना मी नेहमी दुसरी हकीकत आधी सांगत असे. बोस्टनजवळ वॉटरटाउन येथे अमेरिकन सैन्याचा एक कारखाना होता. तेथे तोफगाडे बनत. तोफगाड्यांचा कारखाना म्हटले की जबलपूरकरांचे कान टवकारतातच. आपली गन कॅरिज फॅक्टरी १९०४ ची. तर १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या ओतशाळेत एक मनुष्य हातात स्टॉपवॉच घेऊन साचेकारांच्या मागे उभा राहिला, आणि साचेकार काम टाकून बाहेर पडले. आमच्या घामाचे मोजमाप घड्याळाने करू नका, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण थेट अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेले, समितीपुढे टेलर यांची साक्ष झाली, आणि पुढे १९१५ मध्ये सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच लावण्यास कायद्याने बंदी आली. ती १९४९ पर्यंत टिकली.

ज्या विद्यार्थ्याला ही हकीकत कळली नाही, त्याने सूत्रे कितीही पाठ केली तरी तो कारखान्यात पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडतो. मी स्वतः पडलो आहे. तरुण असताना एका कारखान्यात कालाभ्यासासाठी गेलो, आणि एका वयस्क कारागिराने मला तासभर इतक्या संथपणे काम करून दाखविले की माझे सारे आकडे खोटे ठरले. दुपारी तोच मला आपल्या डब्यातली भाकरी देत म्हणाला, ‘साहब, पहले नाम पूछते, फिर घड़ी निकालते.’ त्या एका वाक्याइतके उपयोगी मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविले नाही.

ज्या वडिलांना ही शाखा दुय्यम वाटते त्यांना एवढेच सांगतो. आपले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ च्या जुलैत, स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, सुरू झाले. दूरसंचार अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण देशात सर्वांआधी हाती घेणाऱ्यांत त्याचे नाव येते, आणि त्या वेळीही लोक ‘ही कसली शाखा’ असेच म्हणाले असतील. आज तेथे औद्योगिक व उत्पादन ही शाखा आहे. भोवताली तोफगाड्यांचा कारखाना, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, १९६९ पासूनचा वाहन कारखाना. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने निरनिराळ्या सरकारी कंपन्यांत विभागले गेले. म्हणजे आता त्यांना मागणी मिळवावी लागेल, खर्चाचा हिशेब द्यावा लागेल, दिलेली तारीख पाळावी लागेल. हे तिन्ही प्रश्न औद्योगिक अभियंत्याचे आहेत. तुमच्या मुलाला तेथे नोकरी मिळेलच असे मी म्हणत नाही. परंतु शिकण्यासाठी इतकी मोठी प्रयोगशाळा फारच थोड्या गावांना लाभली आहे. मुलाला मोजणे आवडत असेल आणि माणसांत बसणेही आवडत असेल, तर एक वर्ष वाया घालवू नका.

आता आंतरराष्ट्रीय व्यापार. येथे मी थोडा कठोर बोलणार आहे. आजोबांनी चष्मा परत लावावा.

परदेशाशी व्यापार ही जबलपूरला नवी गोष्ट नाही. स्लीमनच्या काळात, १८३७-३८ च्या सुमारास, माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांची मुले यांच्यासाठी येथे एक उद्योगशाळा काढली गेली. ज्या हातांनी रुमालाचा फास टाकला, ते हात तेथे तंबू शिवू लागले आणि गालिचे विणू लागले. माल बनविणे ही निम्मीच गोष्ट होती. तो दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवून पैसा परत आणणे ही उरलेली. आज आपल्याकडे सलवार-सूट शिवणारे शेकडो कारखानदार आहेत. त्यांच्यापुढेही हेच उरलेले निम्मे काम आहे.

या विषयात शिकतात काय? समजा, जबलपूरचा एक शिवणकारखानदार दुबईच्या दुकानदाराला दहा हजार डॉलरचा माल देतो. माल न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च आपला, की दुबईच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमाही आपला? यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९३६ पासून ठरवून दिलेल्या संज्ञा आहेत, पत्रात एफ.ओ.बी. लिहिले की सी.आय.एफ., यावर नफा-तोटा फिरतो. अनोळखी गिऱ्हाइकाचे पैसे येतील कशावरून? त्यासाठी बँकेचे पतपत्र, म्हणजे एल.सी. असते, आणि त्यातल्या अटींत व आपल्या कागदांत थोडीशी तफावत निघाली तरी बँक हात वर करू शकते. सौदा झाल्यापासून पैसे येईपर्यंत रुपया डॉलरमागे एकच रुपयाने हलला, तर या एका व्यवहारात दहा हजार रुपयांचा फरक पडतो. मालाला जकातीचा कोणता क्रमांक लागतो, हे १९८८ पासून जगभर एका पद्धतीने ठरते. २०२१ च्या मार्चमध्ये एक जहाज सुएझच्या कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस तो रस्ता बंद पडला. तेव्हा साऱ्या जगातील व्यापाऱ्यांनी आपापले करार काढून उशिराविषयीचे कलम शोधले. हा विषय असा आहे. त्यात विमानतळावरची छायाचित्रे फार थोडी आणि कागद फार.

माझे मत स्पष्ट सांगतो. पदवीच्या पातळीवर या नावाखाली पुष्कळ ठिकाणी जे शिकविले जाते, ते साध्या व्यवसाय-व्यवस्थापनाला घातलेले नवे वेष्टन आहे. दिल्लीची विदेश व्यापार संस्था १९६३ ची. मुंबईतील औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्थाही, जी २०२३ पासून आय. आय. एम. मुंबई म्हणून ओळखली जाते, त्याच वर्षीची. दोन्ही संस्थांनी मूळ भर दिला तो पदवीनंतरच्या शिक्षणावर. त्यामागे विचार होता. विद्यार्थ्याला हिशेब, कायदा आणि अर्थशास्त्र आधी पक्के येऊ द्या, मग सीमेपलीकडचा व्यापार शिकवा. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. तेथपासून वाणिज्यशाखेची साधी बी.कॉम. पदवी घेतलेल्यांनी देशाचा व्यापार चालविला आहे. म्हणून त्या मुलाला मी सांगेन की माहितीपत्रकातील इमारत पाहू नकोस. तिसऱ्या वर्षाची प्रश्नपत्रिका माग. पतपत्राचा एखादा खरा नमुना तपासावयास दिला आहे की ‘जागतिकीकरणाचे पाच फायदे लिहा’ असे विचारले आहे, ते पाहा. पहिले असेल तर जा. दुसरे असेल तर आपल्याच गावात बी.कॉम. कर आणि उरलेल्या पैशात एक परकी भाषा शीक. मराठी घरात आणि हिंदी रस्त्यावर वाढलेल्या मुलाला तिसरी-चौथी भाषा जड जात नाही. अरबी असो, स्पॅनिश असो. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत दोन वाक्ये बोलणाऱ्याला पतपत्राची गरज थोडी कमी लागते, असे एका जुन्या व्यापाऱ्याने मला सांगितले होते.

आता इतिहास. येथे मला थोडा वेळ अधिक द्या.

भेडाघाटला पाहुणे आले की आपण त्यांना नावेतून संगमरवरी कडे दाखवितो आणि वर चौसष्ट योगिनींच्या मंदिरात नेतो. त्या परिसरातील एका शिलालेखाची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कलचुरी संवत् ९०७, म्हणजे इसवी सन ११५५ मधला हा लेख आहे. राजा गयाकर्णाची विधवा राणी अल्हणदेवी हिने, मुलगा नरसिंह गादीवर असताना, येथे शिवाचे मंदिर बांधले. त्याला जोडून मठ, उद्याने आणि एक व्याख्यानशाला बांधली, आणि त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली. व्याख्यानशाला, म्हणजे जेथे बसून विद्या सांगावयाची ती जागा. जबलपूर विद्यापीठ १९५६ चे, १९८३ पासून ते राणी दुर्गावतीच्या नावाने चालते. परंतु नर्मदेच्या या काठावर एका राणीने उच्च शिक्षणासाठी जमीन आणि उत्पन्न लावून दिल्याचा दगडी पुरावा त्याच्याही आठशे वर्षे आधीचा आहे.

तो दगड मात्र येथे नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात सागरला शिक्षणखात्यात फिट्झएडवर्ड हॉल नावाचे एक अमेरिकन संस्कृत पंडित होते. त्यांनी तो लेख वाचून अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापला, आणि शिला त्या संस्थेच्या संग्रहात अमेरिकेत न्यू हेवन येथे गेली. आपल्यापैकी कित्येकांची मुले त्याच किनाऱ्यावर राहतात. त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे का, हे आज फोनवर विचारून पाहा.

येथून तेरा किलोमीटरवर तेवर आहे. तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. तेथे १९५२ मध्ये उत्खनन केले ते सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. या भागातील लेखांची पहिली मोठी सूची १९१६ साली केली ती कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी. आणि कलचुरींचे सारे लेख एकत्र करून, वाचून, त्यांवर टीपा लिहून १९५५ साली प्रसिद्ध केले ते नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. मिराशी कोकणातले, देवगडकडचे. आमच्या पिढीला त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातून माहीत होते. त्यांनी आमच्या दाराशी पडलेले दगड वाचले होते, हे कोणी सांगितले नाही.

आपण येथे उपरे आहोत, नोकरीसाठी आलो, असे आपण समजतो. रेल्वे, तारखाते, कचेऱ्या, तोफगाड्यांचा कारखाना, शाळा-महाविद्यालये यांनी आपले आजे-पणजे येथे आणले, हे खरे. पण मराठी लिहिणारा मनुष्य या भागात त्याहून जुना आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभ्याने गढा-मंडल्याचे राज्य घेतले. १७९८ मध्ये हा मुलूख पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांना मिळाला. आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रज येथे आले. ही छत्तीस वर्षे कशी गेली? सारा किती होता, न्याय कसा होता, गोंड रयतेला हे राज्य कसे वाटले? आपल्याला सोयीची उत्तरे मी देऊ शकतो, तसे इतर कोणी गैरसोयीची देईल. खरी उत्तरे कागदांत आहेत, आणि ते बहुतांशी मोडीत आहेत. मोडी वाचणारा मराठी जाणणारा हवा आणि त्याला हा मुलूख पायाखालचा हवा. पुण्याच्या विद्यार्थ्याला मोडी शिकण्याची सोय आहे, पण गढा कोठे आणि पाटण कोठे हे त्याला नकाशावर शोधावे लागते. येथील हिंदी भाषक विद्यार्थ्याला गाव माहीत आहे, पण भाषा नाही. दोन्ही असलेले मूल कोणाच्या घरात असणार, ते सांगावयास नको.

हे सारे बोलण्याचा मला अधिकार किती, ते आता सांगतो. १९८४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. रांझीला आमच्या शेजारच्या घरातला मुलगा अकरावीची परीक्षा देऊन मोकळा होता. त्यांचे मूळ घराणे सागरचे. आत्याच्या पेटीत सापडलेले एक फडके तो माझ्याकडे घेऊन आला. आत मोडी कागद होते, शंभराच्या आसपास असतील, काहींवर शिक्के. त्याने पुण्याहून मोडीचे पुस्तक मागवून चार-पाच कागद स्वतःच लावले होते. एकात नर्मदेच्या उतारावरील नावांच्या कराचा उल्लेख होता, एवढे मला आठवते. तो म्हणाला, ‘काका, मला इतिहास घ्यायचा आहे. बाबांना तुम्ही सांगा.’ त्याच्या वडिलांनीही माझाच सल्ला विचारला, कारण मी प्राध्यापक. मी त्या मुलाला म्हटले, कागद कोठे पळून जातात का? आधी इंजिनियर हो; ते निवृत्त झाल्यावर वाच.

तो इंजिनियर झाला. उत्तम झाला, परदेशी आहे, सुखात आहे. २००९ मध्ये घर विकले गेले तेव्हा आवराआवर करावयास तो येऊ शकला नाही. पेटी लाकडी होती, तिला गिऱ्हाईक मिळाले. आतले रद्दीवाल्याने वजनावर नेले. महिन्याभराने त्याचा फोन आला, ‘काका, ते कागद तुमच्याकडे तर नाहीत ना?’

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापली, ती गावोगावच्या माळ्यांवरून असेच कागद उतरवून. हे मला त्या वेळीही ठाऊक होते. तरीही मी तसे म्हटले.

तेव्हा त्या मुलीच्या घरच्यांशी मी नोकरीविषयी खोटे बोलणार नाही. इतिहासाच्या पदवीधराला नोकऱ्या थोड्या आहेत. अध्यापन, पुरातत्त्व, अभिलेखागार, वस्तुसंग्रहालय, स्पर्धापरीक्षा. बहुतेक ठिकाणी एम. ए. पर्यंत जावे लागते आणि वाट पाहावी लागते. पण काही गोष्टी बदलल्या आहेत. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीला नवे शैक्षणिक धोरण लागू झाले; मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो, आणि चौथे वर्ष केल्यास संशोधनाची पदवी मिळते. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे इतिहासाबरोबर वाणिज्य किंवा संगणक शिकणे आज अशक्य नाही. आपल्या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व यांचा विभाग आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, जे १९१० पासून चालू आहे, मोडीचे वर्ग होतात. ती मुलगी माझ्याकडे आली होती. तिने विचारले, ‘आजोबा, कागदच उरले नसले तर मी वाचू काय?’ मला उत्तर देता आले नाही. मी कार्यकारिणीकडे गेलो.

त्याप्रमाणे ठरले ते असे. ज्यांच्या घरी माळ्यावर, पेटीत, देवघराच्या खणात जुने कागद असतील, मग ती मोडी पत्रे असोत, जमिनीचे दस्त असोत, कारखान्यातील पणजोबांची हजेरीपुस्तके असोत की व्यापाऱ्यांच्या चोपड्या, त्यांनी ते नीट पुसूनही न काढता, जसे आहेत तसे, गोलबाजारच्या दत्तमंदिरात दर शनिवारी संध्याकाळी आणावेत. आपल्यासमोर त्यांची छायाचित्रे घेतली जातील आणि कागद लगेच परत मिळतील. नोंदवही कशी आखावी, कागदाला क्रमांक कसे द्यावेत, रांग कशी लावावी, हे काम औद्योगिक शाखा मिळणाऱ्या त्या मुलाने अंगावर घेतले आहे. व्यापारवाल्या मुलाने परगावी आणि परदेशी गेलेल्या सभासदांचे पत्ते गोळा करण्यास आरंभ केला आहे. पाण्याचे पिंप कोठे ठेवावयाचे, ते मी सांगेन.

येत्या रविवारी तेवरला जावयाचे आहे. बस सकाळी सात वाजता दत्तमंदिरापासून निघेल. डबा ज्याने त्याने आणावा. उन्हाची टोपी विसरू नये. परतताना भेडाघाटला थांबू, आणि शिलालेखाचा मजकूर ती मुलगी वाचून दाखवील.